बार्शीचं गणित

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की हॉस्टेलवर एकच प्रश्न फिरत असतो, "तुझं काय ठरलं गं?" परवा मेसमध्ये मलाही कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करायचा विचार आहे." रूममेटचा भाकरी मोडणारा हात थांबला. "म्हणजे काय? जनावरांची गणती?" दुसरी म्हणाली, "चार वर्षं इंजिनिअरिंग करून पुन्हा एम-थ्रीच्याच मागे लागणार? एकदा सुटला तेच नशीब समज!" रात्री फोनवर आईने विचारलं, "मग तू डॉक्टर होणार का?" मी म्हटलं, "होणार, पण इंजेक्शन देणारी नाही."

हसण्यावारी गेलं खरं, पण लक्षात आलं की हा विषय काय आहे हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'जैवसंख्याशास्त्र' हा शब्द मराठीत आज मी पहिल्यांदाच लिहितेय. शब्द अवघड आहे. पण त्याचं एक फार मोठं उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातच, बार्शीत आहे. म्हणून बार्शीपासूनच सुरुवात करते.

आधी नोंद, मग बाकीचं

कॅन्सरचे किती रुग्ण आहेत हे कसं मोजायचं? दवाखान्यात आलेले मोजले, तर जे आलेच नाहीत त्यांचं काय? खेड्यात तर न आलेलेच जास्त. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावं तिने घेतली. दवाखान्यात बसून रुग्णाची वाट बघायची नाही, आपणच गावात जायचं, ही तिची पद्धत. कर्मचारी गावोगावी जायचे, गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, कुणाला गाठ आहे, कुणाला रक्तस्राव होतोय याची चौकशी करायचे, लोकांना कॅन्सरची लक्षणं समजावून सांगायचे आणि संशय आला तर तपासणीला आणायचे.

यात कुठेही मोठं सूत्र नाही. पण जैवसंख्याशास्त्राचा पहिला धडा हाच: भागाकार करण्याआधी अंश आणि छेद दोन्ही खरे हवेत. आपण लॅबमध्ये रीडिंग 'जुळवून' जर्नल पूर्ण करतो ना, तसं इथे करून चालत नाही. (जर्नलबद्दल सरांनी गैरसमज करून घेऊ नये!)

चिठ्ठी गावाची, बाईची नाही

या नोंदणीतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. या भागात बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर खूप होता. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि सावकाश वाढतो. म्हणजे वेळेवर सापडला तर बाई वाचते. पण खेड्यात, जिथे बाई आयुष्यात एकदाच तपासणीला येण्याची शक्यता, तिथे कोणती तपासणी उपयोगी पडेल?

हे शोधण्यासाठी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हे हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले, प्रत्येक गटात १३ समूह. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्याला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. चौथा गट तुलनेसाठी. त्याला आरोग्याची माहिती दिली, पण तपासणीची मोहीम नाही.

प्रत्येक बाईसाठी वेगळी चिठ्ठी का नाही टाकली? विचार करा, एका घरात सासूला एक तपासणी, सुनेला दुसरी आणि जावेला काहीच नाही, असं गावात चालेल का? म्हणून चिठ्ठी अख्ख्या समूहाची. पण इथेच गणित अवघड होतं.

हॉस्टेलचंच उदाहरण घेऊ. सोलापुरात किती विद्यार्थ्यांचं पोट बिघडलंय हे मला शोधायचंय आणि मी आपल्या विंगमधल्या ६० जणींना विचारलं. ६० उत्तरं मिळाली, पण ती ६० स्वतंत्र उत्तरं आहेत का? सगळ्यांनी काल एकाच पातेल्यातली आमटी खाल्लेली! ६० जणींना विचारून मला खरी माहिती मिळाली ती एका पातेल्याची. गावाचंही तसंच. एका गावातल्या बायकांचं पाणी, लग्नाचं वय, दवाखान्याचं अंतर, सगळं बरंचसं सारखं.

संख्याशास्त्रात याला 'डिझाइन इफेक्ट' म्हणतात. समूहातल्या माणसांच्या संख्येतून १ वजा करा, त्याला त्यांच्यातल्या सारखेपणाच्या मापाने गुणा आणि १ मिळवा. या अभ्यासात एका समूहात सरासरी अडीच हजार बायका होत्या. समजा सारखेपणाचं माप अगदी नगण्य, ०.००१ धरलं. तरी उत्तर येतं जवळजवळ ३.५. म्हणजे एकेका बाईची चिठ्ठी टाकून जेवढ्या बायका लागल्या असत्या, त्याच्या साडेतीन पट बायका लागणार. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तर वर्षानुवर्षं काम करून शेवटी 'काही सांगता येत नाही' एवढंच हाती येतं.

११८ पेक्षा १२७ चांगले कसे?

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात कॅन्सरच्या १२७ बायका सापडल्या आणि काहीच तपासणी नसलेल्या गटात ११८. दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे, पहिला ३४,१२६ बायकांचा आणि दुसरा ३१,४८८ बायकांचा. वरवर बघणारा म्हणेल, "चाचणी करून काय फरक पडला? उलट आकडा वाढलाच की!"

आता आत बघा. त्या १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातल्या होत्या ३९. आणि ११८ पैकी? ८२. म्हणजे चाचणीने कॅन्सर वाढवला नाही, लवकर पकडला. मृत्यू पाहिले तर एचपीव्ही गटात ३४ आणि तुलनेच्या गटात ६४. हजारी एक आणि हजारी दोन. मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर! बाकीच्या दोन तपासण्यांमध्ये अशी ठाम घट दिसली नाही. आज जागतिक आरोग्य संघटना या कॅन्सरच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते (२०२१ च्या मार्गदर्शक सूचना). त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या गावांतल्या बायका आहेत.

ट्यूबलाइट आणि माणूस

आता तुम्ही म्हणाल, यात इंजिनिअरचा काय संबंध? सांगते.

समजा हॉस्टेलमध्ये १०० नव्या ट्यूब बसवल्या आणि वर्षानंतर त्यांचं सरासरी आयुष्य काढायचंय. ३० गेल्या, त्यांचा हिशोब सोपा. ६० अजून चालू आहेत, त्यांचं आयुष्य किती धरायचं? आणि १० मधेच कुणीतरी काढून नेल्या! चालू असलेल्या सोडून दिल्या तर सरासरी खोटी येते, कारण चांगल्या ट्यूबच आपण वगळल्या. कॅन्सरच्या अभ्यासात नेमकं हेच होतं. काही बायका अभ्यास संपताना जिवंत असतात, काही ऊसतोडीला किंवा दुसऱ्या गावी निघून जातात. या अर्धवट माहितीला 'सेन्सॉरिंग' म्हणतात. ती फेकायची नाही आणि पूर्णही धरायची नाही.

यावरची सर्वांत प्रसिद्ध पद्धत १९५८ ची, कॅप्लान-मायर. मायर कॅन्सरच्या रुग्णांवर विचार करत होते. आणि कॅप्लान होते टेलिफोनवाल्या बेल लॅब्जमध्ये, समुद्राखालच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतील या विवंचनेत! दोघांनी एकाच नियतकालिकाकडे स्वतंत्र लेख पाठवले आणि संपादकांनी दोघांना एकत्र लिहायला लावलं. एक इंजिनिअरिंगचा प्रश्न आणि एक वैद्यकाचा प्रश्न, गणित एकच. आपण रिलायबिलिटीमध्ये जो बाथटब कर्व्ह आणि वायबुल डिस्ट्रिब्युशन घोकतो, तेच इथे माणसांसाठी वापरतात. म्हणजे आपण अगदीच परके नाही.

मग पीएच.डी.त करायचं काय?

माझा समज होता की पीएच.डी. म्हणजे डॉक्टरांनी आणलेली आकडेमोड करून द्यायची. तसं नाही. ती नोकरी झाली. उपलब्ध पद्धत जिथे चुकते तिथे नवी पद्धत शोधायची आणि ती बरोबर का आहे हे सिद्ध करायचं, ही पीएच.डी. उदाहरणार्थ, समूह फक्त १३-१३ असतील तर नेहमीची सूत्रं अति आत्मविश्वास दाखवतात, मग काय करायचं? आधी कागदावर सिद्धता, मग कॉम्प्युटरवर खोटा डेटा हजारो वेळा तयार करायचा. उत्तर आपल्याला माहीत असतंच, आपली पद्धत ते शोधून काढते का ते बघायचं. मल्टिमीटर प्रमाणित व्होल्टेजवर तपासतो ना, तसंच. शेवटी खरा डेटा.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. केली. शेतातल्या पिकाचा अंदाज आणि माणसाच्या पोषणाचं मोजमाप हे त्यांचे विषय. माणसाची अन्नाची गरज रोज सारखी नसते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका, असं ते म्हणत. वि. म. दांडेकरांशी त्यांचा यावर मोठा वाद झाला. वाद सरासरीवरचा, पण प्रश्न देशात उपाशी किती हा!

आता व्यवहाराचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, मात्र प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या अटी असतात. मुदत किमान तीन, साधारण कमाल सहा वर्षं. माझ्या मते आपल्यासारख्यांनी आधी एम.एस्सी. करून पाया पक्का करणं शहाणपणाचं. त्यासाठी जॅममध्ये मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे, गेटमध्येही २०१९ पासून स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे. मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, वेल्लोरचं सीएमसी, बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स इथे या विषयाचं काम चालतं. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल फी माफ होऊन खर्चापुरते पैसे मिळतात, पण साधारण पाच वर्षं जातात. सुरुवात मात्र आजच फुकट करता येते: 'आर' हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

तोटेही सांगते. बरोबरचे मित्र पगारातून घरी पैसे पाठवत असतील तेव्हा आपण अजून परीक्षाच देत असू. एक सिद्धता महिनोन्‌महिने अडते. गाइड चांगला मिळाला नाही तर हाल. ज्यांच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता लगेच सुरू होणार, त्यांनी नोकरी आधी घेतली तर त्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या घरीही यावर अजून चर्चाच चालू आहे.

ते ६४

एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. तुलनेच्या गटातल्या त्या ६४ बायका. त्यांच्या समूहाची चिठ्ठी दुसऱ्या गटात निघाली असती तर त्यातल्या काही आज असत्या. तपासणी नसलेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वैद्यकीय नियतकालिकांतून वादही झाला. एक बाजू म्हणते, त्या भागात तेव्हा कुठलीच तपासणी नव्हती आणि तुलनेशिवाय खात्री झालीच नसती. दुसरी म्हणते, तपासणीने फायदा होतो हे जगाला आधीच ठाऊक होतं, मग त्यांना वगळलं का? मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. माझं उत्तर अजून ठरलेलं नाही.

पण एवढं कळलं की अभ्यासात किती माणसं घ्यायची, कुणाला कोणत्या गटात टाकायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवताना संख्याशास्त्रज्ञाची पेन्सिल हातात असते. गरजेपेक्षा जास्त बायका घेतल्या तर विनाकारण जास्त जणी तपासणीवाचून राहतात. कमी घेतल्या तर ज्या राहिल्या त्यांचं राहणंही वाया जातं. इथे दशांश चिन्ह चुकलं तर केटी लागत नाही, माणूस जातो.

म्हणून मेसमधल्या मैत्रिणींना माझं उत्तर हे असं आहे. हो, मला एम-थ्रीच्याच मागे लागायचंय. सोलापूर स्टँडवरून बार्शीची एसटी दिवसभर सुटते. पुढच्या वेळी तिची पाटी दिसली, तर त्या सव्वा लाखाहून जास्त बायकांची एकदा आठवण काढा. आणि घरी आई, आत्या, मावशी कुणी तीस-पस्तिशीच्या पुढे असेल, तर तपासणी झाली का, एवढं जरूर विचारा. त्याला पीएच.डी. लागत नाही.