बाजारातून आणलेले वासरू : पहिले तीन आठवडे

पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याकडच्या भातशेतीत नांगराच्या जोडीसाठी कुणी गोऱ्हा विकत आणतो, दुभत्यासाठी कुणी कालवड किंवा पारडी. पॉवर टिलर आल्यापासून बैलांची खरेदी घटली; पण ती थांबलेली नाही. जनावर घाटावरच्या बाजारातून येते, नाहीतर मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात भरणाऱ्या जत्रेतून. विकत घेताना ते धडधाकट असते. आठ-दहा दिवसांत मात्र ते चारा सोडते, नाक गाळते, ढाळू लागते, कधी दगावतेही. मग ‘इथले पाणी मानवले नाही’ असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य किती?

शत्रू आधीपासून घरात

निरोगी गुरांच्या, विशेषतः म्हशींच्या, घशातील टॉन्सिलमध्ये पाश्चुरेला मल्टोसिडा हे जीवाणू आढळतात. एरवी ते निरुपद्रवी राहतात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना वाढू देत नाही. पण वासराला आईपासून तोडले, बाजारात दिवसभर उन्हात उभे केले, टेम्पोत दाटीने भरून घाट उतरवला, की या सर्वांचा एकत्रित ताण पडतो. ताणामुळे रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि प्रतिकारशक्ती मंदावते. तहान आणि धूळ यांमुळे श्वासनलिकेतील श्लेष्मा सुकतो. एरवी जंतू आणि धूळ बाहेर लोटणारे तेथील सूक्ष्म केस मग नीट काम करीत नाहीत. पहारा ढिला पडताच जीवाणू वाढतात.

याचाच उग्र प्रकार म्हणजे घटसर्प. सडकून ताप येतो, घशाला सूज येते, घरघर लागते आणि एक-दोन दिवसांत जनावर जाऊ शकते. लक्षणे दिसू लागल्यावर उपचाराला फारच थोडा अवधी उरतो. दमट हवा आणि पाऊस या रोगाला पोषक; म्हणजे कोकणातील पावसाळा हा त्याचा हंगामच. अमेरिकेत आणि कॅनडात बाजारातून गोठ्यात नेलेल्या वासरांना होणारा न्यूमोनिया ‘प्रवासज्वर’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. तेथील मुख्य जीवाणू वेगळा, पण घशात दबून राहून संधी साधण्याची त्याची रीत हीच.

पोटातील वस्ती

गाय-म्हैस चारा खाते, पण तो पचवण्याचे बरेचसे काम तिच्या पहिल्या मोठ्या जठरातील कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. घाटावर ज्वारीच्या कडब्यावर वाढलेल्या वासराच्या पोटात त्या चाऱ्याला सरावलेली वस्ती असते. इथे त्याच्यापुढे एकदम भाताचा पेंढा येतो. वस्तीला नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. ‘पाणी मानवले नाही’ यातील तथ्य बरेचसे इथे आहे. फक्त मानवत नाही तो चारा.

त्यात ‘थकले आहे बिचारे’ म्हणून कुणी घमेलेभर शिजवलेला भात किंवा पेंड पुढे ठेवली, तर घात होतो. उपाशी पोटात पिष्ट पदार्थ झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि जनावर आडवे होते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी सावली आणि स्वच्छ पाणी, मग सुका चारा, आणि आंबोण दोन-तीन दिवसांनी मूठमूठ वाढवत. विकणाऱ्याकडून जुना चारा थोडा बरोबर आणून पेंढ्यात मिसळत गेल्यास उत्तम.

वेगळी दावण

नवे जनावर जुन्यांत लगेच बांधू नये. लाळ-खुरकुताची लक्षणे संसर्गानंतर २ ते १४ दिवसांत दिसतात. लम्पी त्वचारोगासाठी ही मुदत २८ दिवसांपर्यंत धरतात. म्हणून निदान तीन आठवडे, आणि लम्पीची साथ असल्यास चार, त्याची दावण, पाण्याची बादली आणि गव्हाण वेगळी असावी. आधी जुन्या गुरांचे काम उरकावे, मग नव्याचे. गोचिडी त्याच काळात काढाव्यात. थायलेरियासारखे रोग त्यांच्यामार्फत पसरतात. लम्पीच्या साथीमुळे २०२२ मध्ये राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. बाजार हे रोगांच्या देवघेवीचेही ठिकाण असते, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

लस केव्हा?

लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी देतात. बाजारातून आणल्या दिवशी दिलेली लस त्याच आठवड्यातील रोग अडवू शकत नाही. शिवाय थकलेले शरीर तिला नीट प्रतिसाद देत नाही. लस झालेले जनावर घेणे चांगले. त्यासाठी कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून नोंद पडताळावी. ते जमले नाही, तर वासराला काही दिवस विसावा द्यावा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस व जंताचे औषध द्यावे. भातखाचरांच्या कडेला गोगलगायींमार्फत यकृतातील पर्णकृमी पसरतात. तेही पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

वर्गासाठी

आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी गोठा असतो. आठवी-नववीच्या मुलांना तीन आठवड्यांचा तक्ता करायला सांगता येईल. सकाळी विसाव्याच्या वेळी मिनिटाला श्वास किती, रवंथ चालू आहे का, नाकपुडी ओली की कोरडी, शेण घट्ट की पातळ. गरीब स्वभावाच्या जनावराच्या डाव्या कुशीवर, मोठ्यांच्या देखत, तळहात ठेवला तर जठराच्या हालचाली मोजता येतात. निरोगी गाईत त्या मिनिटाला एक ते दोन असतात. पुस्तकातील आकड्यापेक्षा त्याच जनावराच्या कालच्या आकड्याशी तुलना अधिक बोलकी ठरते. श्वास अचानक वाढला, रवंथ थांबला, की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घटसर्पात सकाळची नोंद आणि संध्याकाळची नोंद यांच्यामधल्या तासांवर जनावराचा जीव अवलंबून असतो. तक्ता भरणाऱ्या मुलाच्या हे सर्वांत आधी ध्यानात येते.