हेक्टरी सव्वा लाख

पहाटे साडेपाच. रात्रभर कोसळून पाऊस आता जरा उघडलाय. खाचरांचे बांध पाहून आले, कुठे फुटलेले नाहीत. आज लावणी.

सात. वाडीवरच्या पाच जणी आल्या. चहा देऊन खाचरात सोडलं, मी आमच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात.

साडेनऊ. रंगाची ऐन घाई. हमरापुरात जुलैमध्ये कुणाला उसंत नसते, आणि वीज गेली. कॉम्प्रेसर बंद, पोरं ब्रश घेऊन बसली.

अकरा. मध्यस्थ आला. आमच्या साठ गुंठ्यांवर आणि शेजारच्या खाचरांवर सौर प्रकल्प करायचा म्हणतो. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे एकट्या आमच्या जमिनीवर भागत नाही. दाखवलेला कागद मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चा: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ. ही योजना 2023 पासूनची. तिचा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला, 3 मेगावॅटचा. त्यातून शेतीपंपांच्या फीडरला दिवसा वीज मिळते. आमच्या पावसाळी भाताला पंप किती लागतात? मी विचारलं, "दादा, हाच दर तुमच्या करारात लिहिलाय का?" तो म्हणाला, "ताई, ते नंतर बसून ठरवू." कागद माझ्याकडे ठेवून गेला.

दीड. जेवताना बाबांनी सातबारा काढला. सात नावं. दोन आत्या मुंबईत, एक चुलतभाऊ कुठे असतो तेही नक्की माहीत नाही. सगळ्यांच्या सह्या लागणार. 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी सेझला जमीन द्यायची का यावर मत दिलं, ते बाबांना आठवतं. "तेव्हा जमीन जाणार होती. आता राहणार म्हणतात, पण पंचवीस वर्षं आपण बांधावरून बघायचं," ते म्हणाले.

तीन. वही घेऊन बसले. एकरी बारा क्विंटल धरले तर दीड एकरात अठरा. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2,369, म्हणजे साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. नांगरट, खत, मजुरी वजा केली की पंधरा हजार राहिले तर नशीब. भाडं पंचाहत्तर हजार. पाचपट! हे मला नाकारता येत नाही. भात परवडतं असं कुणी मला सांगू नये.

पण वहीची मागची पानं उलटली. 2010-11 ला भाताचा हमीभाव 1,000 होता. पंधरा वर्षांत तो दुपटीच्या वर गेला. 3 टक्क्यांनी भाडं दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतात. भाडं पुढेच राहील, पण भाव असाच वाढत गेला तर ते पाचपट उरणार नाही आणि मजुरी, किराणा, दवाखाना त्यासाठी थांबणार नाहीत. पंचाहत्तर हजारांचे सात वाटे केले तर नावागणिक पावणेअकरा हजार. एक मेगावॅट वर्षाला साधारण 16 लाख युनिटं देतो. तीन रुपयांनी विकली तर 48 लाख येतात, आणि पाच एकरांचं भाडं अडीच लाख. गुंतवणूक त्यांची, जोखीम त्यांची, कबूल. तरी जमिनीच्या वाट्याला शंभरातले पाचच रुपये. भाड्याची वाढ तरी हमीभावाशी जोडलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

सहा. लावणी झाली. कंबर धरून पाचही जणी बांधावर बसल्या. एकीने विचारलं, "पुढच्या वर्षी बोलावशील ना गं?" कानावर काहीतरी गेलेलं दिसतं. भाडं सातबाऱ्यावरच्या नावांना मिळेल. यांचं नाव कुठल्या उताऱ्यावर आहे? यांच्या बुडालेल्या रोजांना करारात एक ओळही नसते. मी "हो" म्हटलं. ते खरं करावं लागेल.

साडेआठ. वीज आली. डोळ्यांची आखणी मी रात्रीच करते. मूर्तीसमोर बसले आणि वर पत्र्याकडे लक्ष गेलं. दहा किलोवॅटच्या सौर पॅनेलना हजारेक चौरस फूट छप्पर लागतं, तेवढं आमचं आहे. गावात असे कितीतरी कारखाने आहेत. आमची घाई पावसात आणि ऊन एप्रिल-मेमध्ये, हे खरं. पण नेट मीटरिंगमध्ये उरलेली युनिटं पुढच्या बिलात वळती होतात. उन्हाळ्याची वीज जुलैत कामी येईल. अशी यंत्रणा वीज गेल्यावर एकटी चालत नाही, त्याला बॅटरी हवी, तो खर्च वेगळा. पण खाचर खाचरच राहील.

भावाला सांगितलंय, उद्या उजाडताच छपराचं माप घे. अजून अकरा मूर्तींची आखणी बाकी आहे.