काविळीची जात कळली नाही, तरी…

गावात कुणाचे डोळे पिवळे दिसले की पारावर चर्चा सुरू होते, कावीळ पिवळी की पांढरी? डॉक्टर म्हणतात, "विषाणूची दिसते, पण जात अजून कळली नाही." घरची माणसं घाबरतात. रोगाचं नावच ठाऊक नाही, मग करायचं काय?

कावीळ ही खरे म्हणजे खूण आहे. उजव्या बरगडीखालच्या यकृताला सूज आली, की पित्ताचा पिवळा रंग रक्तात साठतो; डोळ्यांत आणि लघवीत दिसतो. ही सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी 'ए' आणि 'ई' हे मुख्यतः घाण पाण्यातून व अन्नातून येतात. 'बी' आणि 'सी' रक्तातून, दूषित सुईतून पसरतात. 'बी' शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो.

१९५५ साली यमुनेच्या पुरानंतर नजफगड नाल्याची घाण दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात शिरली. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवले होते, म्हणून विषमज्वर फैलावला नाही. काविळीचा विषाणू मात्र निसटला. तो कोणता, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. जपून ठेवलेले रक्त तपासल्यावर १९८० मध्ये कळले, की तो 'ए'ही नव्हे आणि 'बी'ही नव्हे. पुढे त्यालाच 'ई' म्हणू लागले. नाव कळायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. पण रोग पाण्यातून आला, हे तेव्हाच ओळखता आले होते. सावध व्हायला तेवढे पुरेसे असते.

म्हणून विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचीच, पण साथीत पाणी खळखळ उकळूनही घ्यायचे. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. रोग्याने वापरलेले ब्लेड, सुई दुसऱ्याने वापरू नये.

रोग्याला विश्रांती द्या. भूक लागेल तसे घरचे साधे जेवण थोडे थोडे द्या. हळद-तेल पार तोडण्याचे कारण नाही. दारू पूर्ण बंद. तापाची, दुखण्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता माळेविषयी. गळ्यात माळ घालतात, हाताला चुना लावून पिवळे पाणी काढतात, आणि माणूस बरा होतो. होतो खरा! पण 'ए' आणि 'ई'ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. श्रेय माळेला मिळते. माळेने अपाय नसेल, पण तिच्या भरवशावर गेलेला वेळ परत मिळत नाही. डाग देणे आणि नाकात औषध पिळणे तर सरळ घातकच.

रोगी बरळू लागला, गुंगीत गेला, उलट्या थांबेनात, कुठून रक्त येऊ लागले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. गरोदर बाईला कावीळ दिसली, तर एक दिवसही थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायाही दगावू शकतात.

रक्ताची तपासणी मात्र टाळू नये. 'बी' आणि 'सी' वर्षानुवर्षे अंगात दबा धरून यकृत पोखरतात. आज 'सी' औषधाने बरा होतो, 'बी' आटोक्यात राहतो. आणि बाळाला जन्मताच 'बी'ची लस मिळते.

गुरुजींना एक विनंती. वर्गात दुसरे पोर पिवळे दिसले, की तिसऱ्याची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि शाळेची टाकी तपासून घ्या. जात ठरवण्याचे काम प्रयोगशाळा करील. पाणी उकळायचे काम आपले.