विश्लेषण : सहाशेचा कीबोर्ड की बारा हजारांचा? महागडा ‘मेकॅनिकल’ कुणाला परवडतो?

संगणकाच्या दुकानात साधा कीबोर्ड साधारण ६०० रुपयांत मिळतो. मेकॅनिकल कीबोर्ड अडीच-तीन हजारांपासून सुरू होतो आणि ‘प्रीमियम’ म्हणून विकला जाणारा दहा-बारा हजारांच्या घरात जातो. तिन्हींवर ‘क’ दाबला की ‘क’च उमटतो. मग वरच्या पैशांत नेमके काय मिळते? कोडिंग, लेखन, डीटीपी किंवा डेटा एन्ट्रीवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय?

साध्या म्हणजे मेंब्रेन कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचे घुमट असतात आणि त्याखाली प्लास्टिकच्या पातळ थरांवर छापलेले सर्किट. घुमट पूर्ण दबला की थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. उदाहरणार्थ, जर्मन कंपनी चेरीच्या ‘एमएक्स रेड’ स्विचचे बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते. पण २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते आणि त्यासाठी सुमारे ४५ ग्रॅम इतका हलका दाब पुरतो. म्हणजे प्रत्येक बटण तळापर्यंत आपटावे लागत नाही.

स्विचचे मुख्य प्रकार तीन. ‘लिनिअर’ सरळ आणि गुळगुळीत दाबला जातो. ‘टॅक्टाइल’मध्ये अक्षर उमटताना बोटाला हलकासा अडथळा जाणवतो. ‘क्लिकी’ त्याबरोबर ‘टिक’ असा आवाजही करतो. हा तिसरा प्रकार बंद खोलीत ठीक, पण कार्यालयात शेजारच्यांशी भांडणाचे कारण ठरू शकतो.

किमती खाली कशा आल्या?

चेरीच्या एमएक्स स्विचचे पेटंट २०१४च्या सुमारास संपले. त्यानंतर गेटरॉन, कैल्ह, औटेमू या चिनी कंपन्यांचे त्याच रचनेचे स्विच बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. तीन हजारांच्या आसपासचा मेकॅनिकल कीबोर्ड त्यामुळेच शक्य झाला.

आयुष्याचा दावा किती महत्त्वाचा?

साध्या कीबोर्डचे बटण साधारण ५० लाख ते १ कोटी वेळा, तर मेकॅनिकलचे ५ ते १० कोटी वेळा दाबता येते, असे उत्पादक सांगतात. आकडा मोठा आहे. पण हिशेब करून पाहू. दिवसाला २० हजार बटणे दाबणाऱ्या व्यक्तीचा स्पेसबार सर्वाधिक, समजा ३ हजार वेळा दाबला जातो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९ लाख वेळा. या वेगाने ५० लाखांची मर्यादा साडेपाच वर्षांत गाठली जाते आणि ५ कोटींची सुमारे ५५ वर्षांत! इतकी वर्षे एकच कीबोर्ड कोण वापरणार?

प्रत्यक्षात कीबोर्ड मरतो तो सांडलेल्या चहाने, धुळीने, तुटलेल्या केबलने किंवा एखादे बटण बिघडल्याने. त्यामुळे आयुष्यापेक्षा दुरुस्ती महत्त्वाची. साध्या कीबोर्डचे एक बटण गेले की सहसा सगळाच टाकावा लागतो. ‘हॉट-स्वॅप’ मेकॅनिकलमध्ये बिघडलेला स्विच चिमट्याने उपसून नवा बसवता येतो. सोल्डरिंग लागत नाही. ही सोय आता तीन हजारांच्या काही मॉडेलमध्येही मिळते. मात्र काही स्वस्त कीबोर्डांच्या सॉकेटमध्ये ठरावीक कंपनीचेच स्विच बसतात, हे आधी विचारून घ्यावे.

मग बारा हजारांत जादा काय?

अ‍ॅल्युमिनियमची जड बॉडी, आतले आवाज शोषणारे फोमचे थर, स्पेसबार व एंटरसारखी लांब बटणे न खडखडता दाबली जावीत म्हणून नीट वंगण दिलेले स्टॅबिलायझर, बटणांची कामे बदलून देणारे सॉफ्टवेअर आणि ‘पीबीटी’ प्लास्टिकची बटणे. स्वस्त ‘एबीएस’ बटणे काही महिन्यांत तेलकट, चकचकीत दिसू लागतात. पीबीटी जास्त टिकतात. पण केवळ पीबीटी हवे असेल तर बटणांचा वेगळा संचही विकत मिळतो.

थोडक्यात, सहाशेवरून तीन हजारांवर जाताना यंत्रणाच बदलते. तीन हजारांवरून बारा हजारांवर जाताना प्रामुख्याने आवाज, स्पर्श आणि घडण सुधारते. टायपिंगचा वेग त्यामुळे चौपट होत नाही.

रुपयांचा हिशेब काय सांगतो?

साधा कीबोर्ड तीन वर्षे टिकला तर वर्षाला २०० रुपये पडतात. तीन हजारांचा आठ वर्षे चालला तर ३७५ आणि बारा हजारांचा तेवढाच चालला तर १५०० रुपये. म्हणजे ‘महाग घेतला की शेवटी स्वस्त पडतो’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. दुसरीकडे, वर्षाला ३०० दिवस वापर धरला तर बारा हजारांचा कीबोर्डही दिवसाला पाच रुपयांना पडतो. रोज आठ तास टायपिंग करणाऱ्याला ही रक्कम जड नाही. दिवसाला चार ईमेल लिहिणाऱ्याला ती उधळपट्टी आहे.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी काय पाहावे?

इनस्क्रिप्ट ही संगणकातील सॉफ्टवेअरची मांडणी असल्याने ती कोणत्याही कीबोर्डवर चालते. पण महागड्या कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली सहसा नसतात. बटणे पाठ नसतील तर स्टिकर लावावे लागतील. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ यांसारख्या अक्षरांसाठी शिफ्ट दाबावी लागते. त्यामुळे दोन्ही शिफ्ट बटणे पूर्ण आकाराची आहेत ना, हे तपासावे.

आणखी एक अडचण आकाराची. अनेक प्रीमियम मॉडेल ‘७५ टक्के’ किंवा ‘टीकेएल’ आकाराची असतात. त्यांत उजवीकडचे न्यूमेरिक पॅड नसते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर काम करणाऱ्यांना काही अक्षरांसाठी ऑल्टसोबत याच पॅडवरचे आकडे द्यावे लागतात. हिशेबाची कामे करणाऱ्यांचेही त्याशिवाय अडते.

मनगटाचे दुखणे थांबते का?

मेकॅनिकल कीबोर्ड हा त्यावरचा उपाय नव्हे. उलट तो साध्यापेक्षा उंच असल्याने मनगट वर वाकण्याची शक्यता असते. टेबल-खुर्चीची उंची, मनगट सरळ ठेवणे आणि मधूनमधून उठणे याला पर्याय नाही. उंच कीबोर्ड घेतलाच तर हाताच्या आधाराची पट्टी जोडीला ठेवावी.

निर्णय कसा घ्यावा?

रोजचे टायपिंग तासाभरापेक्षा कमी असेल तर साधा कीबोर्ड पुरेसा आहे. त्याहून जास्त असेल तर हॉट-स्वॅप आणि पीबीटी बटणे असलेला अडीच-तीन हजारांचा मेकॅनिकल आधी घ्यावा. शक्य असल्यास दुकानात किंवा मित्राच्या कीबोर्डवर दहा मिनिटे मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करून पाहावे. सहा महिन्यांनंतरही त्यातले काही नेमकेपणाने खटकत असेल, तर त्या एका गोष्टीसाठी पुढचे नऊ हजार मोजायचे की नाही, हे तेव्हा ठरवता येईल. काहीच खटकत नसेल, तर ते पैसे चांगल्या खुर्चीवर खर्च केलेले बरे.