सरस्वतीच्या बेटावर

आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे अंबाझरी नि फुटाळा! त्यामुळे भाचीच्या डोहाळजेवणाला जपानला गेले, तेव्हा भरतीच्या पाण्यात उभं राहणारं देऊळ बघायचंच, असं मनाशी ठरवलं होतं. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरचं हे इत्सुकुशिमा देवस्थान. शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं. किनाऱ्यावरून बोटीनं जेमतेम दहा मिनिटं.

परंपरेनं हे ठाणं सन ५९३ मधलं मानतात. आजचा थाट मात्र ११६८च्या सुमारास तैरा नो कियोमोरी या सरदारानं उभारला. अख्खं बेटच पवित्र, म्हणून देऊळ पाण्यावर बांधलं, असं सांगतात. जमिनीच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. भरतीच्या पाण्याचा जोर त्यातून निघून जातो, फळ्या उखडत नाहीत. समोर समुद्रात सोळा मीटरहून उंच लाकडी तोरण आहे, १८७५ सालचं. ते खोल गाडलेलं नाही, स्वतःच्या वजनावर उभं आहे!

हात धुवायचे, चूळ भरायची, मग दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या नि पुन्हा एकदा वाकायचं. झालं दर्शन. इथल्या देवी म्हणजे तिघी बहिणी. त्यांतल्या एकीला पूर्वी बेन्झाइतेन मानत. बेन्झाइतेन म्हणजे चक्क आपली सरस्वती! बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती इथवर आली. हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य. १८६८ मध्ये सरकारनं शिंतो नि बौद्ध वेगळे केले, तेव्हापासून ती शेजारच्या दाइगानजी मंदिरात राहते.

कौतुकानं सगळं पाहत होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, या बेटावर पूर्वीपासून जन्म आणि मरण दोन्ही वर्ज्य. दिवस भरत आले की बाईला पलीकडे पाठवायचे." आजही बेटावर दफनभूमी नाही. तिघींतल्या दुसऱ्या बहिणीचं ठाणं ओकिनोशिमा बेटावर आहे. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं, पण तिथं बायकांना पाऊल ठेवायची परवानगी नाही. देवी बाई, नि बाईलाच बंदी!

हसावं की रडावं? पण आपलं तरी काय वेगळं आहे? शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं. आमच्या गडचिरोलीकडे पाळीतल्या बायकांना गावाबाहेरच्या कुर्माघरात बसवण्याची रीत आहे. शहरातल्या घरांतही बाळंतीण सव्वा महिना देवाला शिवत नाही. जिच्या कुशीतून जग चालतं, तिचाच विटाळ. समुद्र ओलांडला तरी तोच.

मैत्रिणींनो, देवस्थानांचे नियम बदलायला वर्षं लागतात. घरचे नियम मात्र आपल्याच हातात असतात. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढताना लेक जरा लांब उभी दिसली, तर कारण विचारू नका. खडू तिच्या हातात द्या.