धाराशिवची ‘हर्षद’ संख्या

७,९६,०४१. ही २०११ च्या जनगणनेतील धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील महिलांची संख्या. तिच्या अंकांची बेरीज करा : ७+९+६+०+४+१ = २७. आता मूळ संख्येला २७ ने भागा. भागाकार २९,४८३, बाकी शून्य!

आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक आणि गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. १८ आणि २१ ही त्यांची सोपी उदाहरणे.

पुरुषांची संख्या ८,६१,५३५. अंकांची बेरीज २८. विषम संख्येला २८ ने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद नाही.

पण वजाबाकी केली की हर्ष ओसरतो. पुरुषांपेक्षा महिला ६५,४९४ ने कमी. दर हजार पुरुषांमागे ९२४. अंकांचा मेळ हा योगायोग, ही तफावत नव्हे. तिच्यामागे स्थलांतरासारखी कारणे असतात, तशीच ‘मुलगाच हवा’ ही ओढही. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. पुढच्या जनगणनेत महिलांची संख्या हर्षद निघो वा न निघो, ही तफावत घटली तरच खरा हर्ष.