गवत, मेंढी आणि दुधाचा भाव

मेंढी म्हटली की आपल्यापुढे लोकर येते, मटण येते, फार तर शेतात खतासाठी बसवलेला धनगराचा कळप येतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मात्र सुमारे तीस लाख मेंढ्या आहेत, आणि त्या मुख्यतः दुधासाठी पाळतात. हे दूध स्निग्धांशात आपल्या म्हशीच्या दुधाच्या जवळ जाते. त्याचे चीज करतात.

या धंद्याचे वेळापत्रक गवत ठरवते. शरदात पाऊस झाला की माळ हिरवे होतात, हिवाळ्याच्या तोंडी मेंढ्या व्यातात, आणि उन्हाळ्यात गवत करपले की धार काढणे थांबते. मेंढी चरते तिथेच लेंड्या टाकते. गवतातल्या द्विदल वनस्पती हवेतला नत्र जमिनीत आणतात. माळाला पेलतील तितक्याच मेंढ्या ठेवल्या आणि चरलेल्या तुकड्याला विसावा दिला, तर हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते.

मग ते बिघडते कोठे? आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला उत्तर हिशेबाच्या वहीत दिसते. बेटावरच्या निम्म्याहून अधिक दुधाचे ‘पेकोरिनो रोमानो’ हे एकच चीज होते. किलोभर चीजला साधारण ६ लिटर दूध लागते. परदेशी बाजारात चीजचा भाव पडला की तो भार उतरत उतरत मेंढपाळाच्या बादलीवर येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत लिटरला ६० सेंटच्या आसपास भाव मिळत होता. एक युरो द्या, असे म्हणत मेंढपाळांनी रस्त्यांवर दूध ओतले. मार्चमध्ये ७४ सेंटांच्या उचलीवर समझोता झाला.

कोणी म्हणेल, सहकार करा. सहकारी चीज-कारखाने तेथे पूर्वीपासून आहेत. पण त्यांनाही माल त्याच बाजारात विकावा लागतो.

मजुरी कापली की कामगार जादा पाळी करतो. तसा भाव पडला की मेंढपाळ जादा मेंढ्या ठेवू पाहतो. जादा मेंढ्या म्हणजे उघडा पडलेला माळ, विकतचा खुराक आणि बाजारात आणखी दूध. म्हणजे भाव पुन्हा खाली. तेव्हा माळ राखण्याचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या हाती लिटरमागे काय पडते, हे आपण विचारले पाहिजे. एकाच चीजवरची भिस्त कमी करणे आणि हंगामापूर्वी संघटितपणे भाव ठरवून घेणे, हीदेखील माळ राखण्याचीच कामे आहेत.